पाटी लागली, आता बिल कोण भरणार?

आमच्या तालुक्याच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. काही वर्षांपूर्वी, गावातून बाहेर पडून बऱ्यापैकी कमावलेल्या एका माणसाने वडिलांच्या नावाने त्याचा वरचा मजला बांधून दिला, अभ्यासिका म्हणून. एसी, प्रत्येक टेबलाला प्लग, वायफाय, जिन्यात संगमरवरी पाटी. उद्घाटनाला फेटे, शाल-श्रीफळ, पेढे सगळं झालं, माईक माझ्याकडे होता आणि 'दातृत्व' हा शब्द मी किमान सहा वेळा वापरला असेन. दीड वर्षात एसी बंद, बिल परवडेना. मग वायफाय बंद. मग एका मे महिन्यात थकबाकीपोटी लाईनच कापली आणि एमपीएससीची तयारी करणारी वीस-बावीस पोरं-पोरी आठ दिवस खिडकीशी टेबलं सरकवून बसली. ग्रंथपाल बाईंचा पगार तेव्हा पाच महिने थकलेला होता हे मला त्या आठवड्यात कळलं, आणि मी कमिटीत होतो.

दोष देणाऱ्याचा नाहीच, त्याने बिचाऱ्याने दिलं. दोष आमचा. पण गावात पैसा नव्हता म्हणावं तर तसंही नाही. त्याच्या आधीच्या महिन्यात सप्ताह झाला, सात दिवस पंगती उठल्या, काल्याच्या कीर्तनाला मंडप कमी पडला, माईकवरून नावं वाचणं चालू होतं, अमक्यांकडून पाच हजार एक, तमक्यांकडून अकरा हजार एक. आमच्या चौकातल्या मंडळाने गणपतीत डीजेला जे मोजले ते वाचनालयाच्या दोन वर्षांच्या लाईटबिलाएवढे होते (बिलं काढून हिशोब केला होता मी, रागाने). सप्ताह बंद करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, मीही तिथे पोटभर जेवलोय. म्हणणं एवढंच की आपल्याकडे दान भरपूर आहे पण ते नैमित्तिक आहे, त्याला काहीतरी निमित्त लागतं, वाढदिवस, पुण्यतिथी, पूर, जीर्णोद्धार, उद्घाटन. आणि गावाच्या गरजा असतात नित्याच्या. बल्ब, पगार, टाकीची साफसफाई, ॲम्ब्युलन्सचं डिझेल. आजवर कुणी आईच्या स्मरणार्थ मार्च महिन्याचं वीजबिल भरल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

रक्तदानाचं बघा ना. नेत्याचा वाढदिवस आला की एका दिवसात शेकड्यांनी पिशव्या, वर प्रत्येकाला बॅग नाहीतर डबा भेट. नेहमीच्या पिशवीतलं रक्त साधारण ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट्स तर ५ दिवस. म्हणजे वाढदिवस जुलैत आणि तुटवडा मे महिन्यात, कॉलेजं बंद, शिबिरं बंद, थॅलेसेमियाच्या पोराचा बाप ग्रुपवर मेसेज टाकतोय, अर्जंट ओ निगेटिव्ह पाहिजे. दाते कमी नाहीत, दानाचं वेळापत्रक नाहीये. माझ्या मते आपल्या सगळ्याच सार्वजनिक देण्याघेण्याचा रोग हाच आहे, आणि त्यावर जो इलाज मला पटतो तो म्हणजे गावाचा किंवा तालुक्याचा स्वतःचा एक कायमनिधी. मुद्दल बँकेत, खर्च फक्त व्याजातून, ठरवणारी माणसं इथलीच, आणि हिशोब भिंतीवर.

ही काही माझ्या डोक्यातली नवी आयडिया नाही. जगात याला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात आणि पहिलं निघालं अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँड शहरात, १९१४ साली. फ्रेडरिक गॉफ नावाचा वकील होता, तो पुढे तिथल्या एका ट्रस्ट बँकेचा प्रमुख झाला. त्याच्या बँकेत मेलेल्या श्रीमंतांची मृत्युपत्रं सांभाळायला असायची आणि त्याच्या लक्षात आलं की माणूस मरताना पैशाला अशा अटी घालून जातो की पन्नास वर्षांनी तो पैसा कुणाच्याच कामाचा राहत नाही. ज्या रोगासाठी ठेवला तो रोग संपतो, ज्या संस्थेसाठी ठेवला ती बंद पडते, पैसा मात्र तिजोरीत तसाच पडून. याला इंग्रजी कायद्यात मेलेल्या माणसाचा हात म्हणतात, फार चपखल. गॉफने काय केलं, अशी सगळी छोटी-मोठी दानं एकत्र ठेवायची, मुद्दल बँकेने सांभाळायचं, आणि त्या त्या काळात शहराला काय पाहिजे ते शहरातल्याच नागरिकांच्या एका समितीने ठरवायचं, आणि त्या समितीवर माणसं नेमायचा अधिकार एकट्या बँकेकडे ठेवला नाही, महापौर आणि न्यायाधीशांकडेही दिला. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. सुरुवातीला त्यांच्याकडे वाटायला पैसे फारसे नव्हतेच, कारण देणारे अजून जिवंत होते! तर त्यांनी आधी शहराची पाहणी केली, गरिबांना मदत कशी मिळते, शाळा कशा चालतात. पैसा यायच्या आधी माहिती. आपण उलटं करतो, आधी पाटीचा मजकूर फायनल करतो.

आपल्याकडे मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच कल्पनेवर निघाला, फक्त मुंबई शहरापुरता. पण तालुक्यांपर्यंत हे लोण आलंच नाही. का आलं नाही याचं मला कायम आश्चर्य वाटतं, कारण कल्पना परकी वाटली तरी सवय आपलीच आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. हे आपल्याला पाठ आहे, शाळेत निबंध लिहिलेत. पण त्या पोरांना रोज खायला घालायचं कसं? त्यातला एक भाग होता मुष्टिफंड. घरातल्या बाईने दळायला, शिजवायला काढलेल्या धान्यातून एक मूठ बाजूला ठेवायची, आणि ते धान्य नंतर गोळा करून बोर्डिंगला न्यायचं. मला यातलं कौतुक मुठीच्या आकाराचं नाही, ते रोजचं आहे याचं आहे. उद्घाटन नाही, पाटी नाही, पाच हजार एक नाही. रोज भूक लागते म्हणून रोज मूठ. नित्याच्या गरजेला नित्याचं दान, याच्यापेक्षा सोपं मॉडेल कुठल्या मॅनेजमेंट कॉलेजात शिकवत असतील असं वाटत नाही.

त्याच्याही आधीचा पैसा फंड. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी डोक्यात घेतलं की प्रत्येक माणसाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकांनी चेष्टा केली असणारच. टिळकांनी पाठिंबा दिला, आणि १९०८ला तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, नुसता कारखाना नाही तर काचकाम शिकवायची सोय, तिथे शिकलेली माणसं पुढे ठिकठिकाणी गेली. एक पैसा! आज आपण ग्रुपवर क्यूआर कोड टाकतो आणि वर लिहितो 'फूल ना फुलाची पाकळी', आणि पाकळी पण येत नाही.

आणि अगदी आपल्या बघण्यातलं उदाहरण, सामाजिक कृतज्ञता निधी. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर अशी मंडळी एकत्र आली, नामवंत नटनट्यांना घेऊन नाटकाचे दौरे केले, पैसा जमवला, आणि जमलेला पैसा वाटून न टाकता ठेव म्हणून ठेवला. त्याच्या व्याजातून काय, तर पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन. रक्कम मोठी नसे. पण विचार बघा, की कार्यकर्त्याला पण किराणा भरावा लागतो. आपल्याकडे संस्थेला इमारतीसाठी पैसे मागा, मिळतात, माणसाच्या पगारासाठी मागा, लगेच समोरच्याचा चेहरा बदलतो, 'म्हणजे हे काय नोकरी म्हणून करताय का?' अहो मग काय म्हणून करायचं? पोट तर त्यालाही आहे.

आता जरा आकडे मांडतो, कारण त्याशिवाय हे सगळं भाषणच वाटेल. समजा तालुक्यात चाळीस हजार घरं आहेत. घरटी पट्टी काढली, आयुष्यात एकदाच, २५० रुपये. झाले १ कोटी. सगळी घरं देणार नाहीत, काही हजार देतील काही काहीच नाही, सरासरी धरा. एफडीला ७ टक्के धरले तर वर्षाला ७ लाख. इन्कम टॅक्सचा नियम असा की ट्रस्टने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षात कामावर खर्च करायची, १५ टक्के बाजूला ठेवता येते. ती मुद्दलात टाकायची, महागाईशी थोडी झुंज म्हणून. उरले साधारण ६ लाख, म्हणजे महिन्याला ५० हजार. एवढ्यात हॉस्पिटल उभं राहत नाही, खरंय. पण अभ्यासिकेचं बिल, ग्रंथपाल बाईंच्या पगारातली तूट, शववाहिकेच्या ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता, स्मशानातले दिवे, जिल्हा परिषद शाळेतल्या मोटरची दुरुस्ती, एवढं निघतं. दर महिन्याला निघतं, कुणाच्या दारात न जाता निघतं. देणगी घेताना फक्त 'कायमनिधीसाठी' असं देणाऱ्याकडून लेखी घ्यायचं, नाहीतर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि खर्चायला लागते, हे सीए सांगेल पण सीए सांगेपर्यंत बऱ्याच संस्थांनी घोळ घालून ठेवलेला असतो. (८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या टॅक्स सवलतीचं, आमिष दाखवू नका फार, टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये गेलेल्या पगारदाराला त्याचा काही फायदा नाही.)

इथे कुणीतरी म्हणणारच, एवढं कशाला, सीएसआर आहे की. आहे. २०१३चा कंपनी कायदा, कलम १३५, मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. पण त्याच कायद्यात आहे की कंपनीने स्वतःच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, म्हणजे कारखाना जिथे पैसा तिथे, आणि ज्या तालुक्यात एमआयडीसीचा नुसता बोर्ड आहे आणि मागे बाभळी आहेत त्याने काय करायचं? दुसरं म्हणजे २०२१पासून सीएसआरचा पैसा संस्थेच्या कायमनिधीत घालायला परवानगी नाही. प्रोजेक्टला मिळेल, ठेवीला नाही. परदेशातल्या आपल्या मंडळींचंही तसंच. अमेरिकेतल्या मराठी लोकांनी १९७८ला महाराष्ट्र फाउंडेशन काढून इथल्या संस्थांना किती वर्षं मदत केली, साहित्याचे आणि समाजकार्याचे पुरस्कार दिले, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या माणसाचा पैसा एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात येतो, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा एका संस्थेने घेऊन दुसरीला देता येत नाही. म्हणजे छोट्या छोट्या संस्थांना वाटणारा तालुका निधी काढलात तर हा दरवाजा बंदच समजा. (ज्याचा पासपोर्ट अजून भारतीय आहे तो आपल्या कमाईतून देऊ शकतो, ते एफसीआरएत धरत नाहीत, तेव्हा व्हॉट्सॲपवर भाच्याला पैसे मागण्याआधी पासपोर्ट विचारा.) थोडक्यात मुद्दल जमवायचं तर ते इथल्याच खिशातून. मला हे वाईट वाटत नाही. ज्याचे २५० रुपये आहेत तो हिशोब विचारतो. कंपनीचे २५ लाख असले की कुणीच काही विचारत नाही.

पैशाचं एवढं बोललो पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा वेळेचा मामला जास्त बिघडलेला आहे. श्रमदान हा शब्द आपण अगदी फोटोपुरता करून टाकलाय. मी स्वतः त्यातला. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ला तीन तालुक्यांत सुरू झाली, वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव, पहिल्या वर्षी कोरेगावातलं वेळू जिंकलं, आणि २०१८च्या १ मे ला शहरातल्या लोकांना जलमित्र म्हणून महाश्रमदानाला बोलावलं त्यात मीही टोपी घालून गेलो. दोन तास घमेली उचलली, हाताला फोड, चाळीस सेल्फी, आणि दुपारी पिठलं-भाकरी. माझ्या शेजारी एक मावशी होत्या गावातल्या, त्या रोज यायच्या, सकाळी सहाला, पंचेचाळीस दिवस. मी निघताना त्या म्हणाल्या, 'या परत.' मी गेलो नाही परत.

त्या स्पर्धेचं खरं बळ आमच्यासारख्या पाहुण्यांत नव्हतंच. गावातली माणसं आधी प्रशिक्षणाला नेली, माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतार कसा बघायचा, समतल चर कसा आखायचा, किती मापाचा खोदायचा हे शिकवलं, मग कुदळ. आधी माहिती, क्लीव्हलँडसारखंच. पण चर गाळाने भरतो, बांध फुटतो, दरवर्षी हात लावावा लागतो. हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, पोपटराव पवार १९९०च्या आसपास सरपंच झाल्यापासूनचं श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी सगळं सांगतात, पण मला त्या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, पाणी किती साठलं हे दरवर्षी मोजायचं, ग्रामसभेत मांडायचं, आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. दरवर्षी! याचा फोटो येत नाही म्हणून त्याची कॉपी होत नाही.

तर माझं म्हणणं असं की निधी काढायचा तर त्याला वेळेची वही पण पाहिजे, नुसतं पावतीपुस्तक नको. आठवड्याला दोन तास, ठरलेला वार, ठरलेलं काम, आणि शक्यतो तेच काम जे त्या माणसाला येतं. रिटायर्ड बँकवाल्याला झाडू देऊन फोटो काढण्यापेक्षा त्याला पाच छोट्या संस्थांची कीर्दखतावणी नीट करायला बसवा, धर्मादाय कार्यालयातले चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) वर्षानुवर्षं लटकलेत, विश्वस्त मरून गेले तरी पीटीआरवर, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदवहीत, नाव त्यांचंच, ते निस्तरायला बसवा. रिटायर्ड नर्स असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा बसवा. का सांगतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१एए कलमाखाली, आणि हायकोर्टाने २००६ला लावून दिलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन पेशंटला फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकाला सवलतीत द्यायच्या आहेत, शिवाय एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकायची आहे. कायदा आहे, खाटा आहेत, निधी आहे. आणि तरीही आमच्याकडे माणूस म्हैस विकून बिल भरतो, कारण काउंटरवर कुठला कागद द्यायचा आणि कुणाला भेटायचं हे सांगणारं कुणी नाही. तिथे एक जाणती बाई खुर्ची टाकून बसली तर तिचे दोन तास हे कुणाच्याही पन्नास हजारांच्या देणगीपेक्षा मोठे आहेत, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून बोलत नाहीये, एका ऑपरेशनचं बिल बघा म्हणजे कळेल.

यावरूनच पहिल्या आक्षेपाला उत्तर येतं, की ही सगळी सरकारची कामं, तुम्ही करायला लागलात तर सरकार अंग काढून घेईल. हा आक्षेप मला मान्य आहे. अगदी खरा आहे. शाळेला शिक्षक सरकारनेच दिला पाहिजे, वर्गणीतून शिक्षक नेमला की ती जागा भरायची राहते ती राहतेच. म्हणून निधीचा पैसा सरकारच्या जागी जाऊ नये, सरकारच्या मागे लागायला जावा. अर्ज, माहिती अधिकार, पाठपुरावा, तारखेला जायचं एसटीचं भाडं. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पैसे लागतात आणि ते कुणीच देत नाही. ही रेघ प्रत्येक वेळी स्वच्छ मारता येईल असं नाही. शाळेची मोटर मी वर यादीत घातलीय, ती खरं तर सरकारी कामात जाते, पण पोरं आज तहानलेली असतात.

दुसरा आक्षेप पैसे बुडण्याचा. पतसंस्थांत हात पोळलेला माणूस म्हणतो आता कुणाला काही देणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. यावर उपाय विश्वास ठेवा म्हणणं नाही, विश्वासाची गरजच कमी करणं आहे. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा याला कायद्यात मर्यादा आहे. तेव्हा कर्जवाटप नाही, जमीन-प्लॉट नाही, राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, तीन सह्या, आणि महिन्याच्या महिन्याला जमा-खर्च फळ्यावर. वेबसाईटवर नाही, फळ्यावर, एसटी स्टँडजवळ, खडूने. वार्षिक अहवाल कुणी वाचत नाही पण फळा चहा पिता पिता सगळे वाचतात.

तिसरा आक्षेप कुणी तोंडावर बोलत नाही, आणि तोच सगळ्यात अवघड आहे. स्थानिक म्हणजे कोण? गावकी म्हणजे कोण? गोव्यात गावकारी होती, कोमुनिदाद, गावची जमीन सामाईक, तिच्या उत्पन्नातून बांध-बंधारे, देऊळ, गावची कामं चालायची, फार सुंदर व्यवस्था म्हणून आपण सांगतो, पण तिच्यात हक्क होता तो गावकार घराण्यांतल्या पुरुषांना. बाकीचे त्याच गावात राहायचे, राबायचे, पण गावकार नव्हते. आमच्याकडेही वर्गणी सगळ्या वाड्यांतून निघते आणि बैठक देवळाच्या सभामंडपात होते, जिथे काही घरं आजही पायरीशीच बसतात. अशा गावात 'लोकांनीच ठरवू दे' म्हटलं की ठरवणारे कोण ते ठरलेलंच असतं. दिवे आधी कुठल्या आळीला लागतील हे मी तुम्हाला आत्ता सांगू शकतो. म्हणून नियमावलीत लिहायला पाहिजे, निम्म्या बायका, प्रत्येक वस्तीतून एक, तीन वर्षांनी बदल, पुन्हा लगेच नाही, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस विश्वस्त नाही, आणि बैठक देवळात नाही, शाळेत. एवढं लिहून सुद्धा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, बायका येतील आणि बोलतील त्यांचे नवरे, हे ग्रामपंचायतीत बघितलंय आपण. पण आत्ता जे चाललंय, एका दात्याच्या मर्जीवर, त्यापेक्षा ते बरं. तिथे निदान भांडता तरी येतं. दात्याशी कसं भांडणार, त्याला तर आपण फेटा बांधलेला असतो.

आमच्या वाचनालयाचं काय झालं ते सांगतो. कोटीबिटी काही जमले नाहीत. लाईन कापल्यावर आठव्या दिवशी त्या पोरांपैकीच एका मुलीने कमिटीला पत्र लिहिलं, चार ओळींचं, की आम्ही दर महिन्याला प्रत्येकी पन्नास देतो, बाकीचे तुम्ही किती देता ते सांगा. मिटिंगमध्ये ते वाचल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. घरी बसायला जागा नाही म्हणून ही पोरं-पोरी येतात, प्रायव्हेट अभ्यासिकेची फी परवडत नाही म्हणून येतात, आणि पहिली वर्गणी त्यांनीच काढली. आता ४३ घरं आहेत, महिन्याला शंभर, खात्यातून आपोआप जातात, मागायला जावं लागत नाही. झाले ४,३०० आणि पोरांचे वेगळे. बिल निघतं, बाईंच्या पगाराला थोडी भर पडते, एसी अजून बंदच आहे. पंखे आहेत. मधे एका गृहस्थाने एकरकमी मोठी रक्कम देऊ केली, अट एकच की जुन्या पाटीच्या वर नवी पाटी, त्यावर अजून भांडण चालू आहे आणि माझं मत मी मिटिंगमध्ये सांगितलंय, हरलो तर हरलो. वस्तीतली दोन माणसं कमिटीत घ्यायचा ठराव दोनदा पुढे ढकलला गेलाय.

फळा मात्र लागला जिन्यात, पाटीच्या बरोबर समोर. गेल्या महिन्याची शिल्लक ११४० रुपये. खाली कुणीतरी खडूने लिहून ठेवलंय, तीन नंबरचा पंखा आवाज करतो.